गोळेश्वरचा मल्ल

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडपासून जवळच गोळेश्वर नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले पहिलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच कुस्तीची विद्या नांदत असल्यामुळे मातीचे वेड त्यांना बालपणीच लागले. अंगलट बुटकी व हलकी. तालमीत नवख्या माणसाची नजर त्यांच्यावर ठरली नसती. परंतु चपळाई अशी, की प्रतिस्पर्धी पवित्रा घेतो न घेतो तोच खाशाबा त्याच्या मानेला विळखा घालीत आणि ढाक लावून त्याला खाली आणीत. हा डाव त्यांच्या हातचाच होऊन बसला होता.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातील शिक्षण आटोपून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. १९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने त्यांना तेथे जाता आले.

लंडनमध्ये पायाखाली माती नव्हती, गादी होती. खानदेशात यात्रेच्या अखेरीस भरणारी कुस्त्यांची दंगल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातील अडचण चटकन उमगेल. मातीत पाय रोवता येतो. घामाने निसटणाऱ्या अंगावर माती टाकून पकड पक्की करता येते आणि चितपट होईपर्यंत दमाने झुंजता येते. गादीवर पाय रुतत नाही. तेथे वेळ मोजून दिलेली असते. पाठ लागली नाही, तरी वरचढ कोण ठरला हे पाहून पंच निकाल देतात. संधीची वाट पाहत बसणारा मल्ल तेथे वाट पाहता पाहताच हरतो. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने खाशाबांना या नव्या पद्धतीचे धडे दिले. ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांना त्यांनी हरविले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांचे काही चालले नाही. सहावा क्रमांक पदरी आला.

वयाच्या बाविसाव्या वर्षी जगात सहावे येणे ही लहान गोष्ट नव्हे. खाशाबांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. पुढील चार वर्षे त्यांनी पूर्वीपेक्षाही कसून मेहनत केली आणि बावन्न किलोंचा गट सोडून सत्तावन्न किलोंच्या गटात उतरण्याचे धाडस केले. वजन वाढले, तरी अंगची चपळाई त्यांनी उणावू दिली नाही.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हा खर्चाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, ती पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कुस्तीत हारजीत कोणाच्या हाती असते? तरीही त्या गृहस्थाने घर पणाला लावले, आणि हा भार डोक्यावर घेऊनच खाशाबा परदेशी निघाले.

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी ओळीने नमविले. शेवटी सोव्हिएत रशियाचा ममादबेयोव आणि जपानचा इशी यांच्यापुढे त्यांना हार पत्करावी लागली. एका कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना दुसऱ्या कुस्तीस उभे केले गेले आणि त्यांची बाजू मांडणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता, असे सांगतात. इशीला सुवर्णपदक, ममादबेयोवला रौप्यपदक आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले पदक होय. तसे दुसरे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

कऱ्हाडला त्यांचे स्वागत शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने झाले. पण गुलाल अंगावरून उतरताच खाशाबांना आठवले ते गहाण पडलेले घर. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः त्यात लढले आणि जमलेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडविले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या ऑलिंपिकला त्यांना मुकावे लागले. सहायक पोलीस आयुक्त होऊन ते सेवानिवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो २००० सालचा.