हरताळाला ‘रूह’ म्हणणारे हकीम

साताऱ्या-सांगलीकडे कुणी नियम मोडले की बातमीत हमखास येते, नियमांना हरताळ फासला. पोथी नकलताना चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देत, वाक्प्रचार तिथला. अरबीत या खनिजाला जरनीख म्हणतात. त्याला ‘रूह’, म्हणजे आत्मा, म्हणणारे एक हकीम अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेले: अबू बक्र मुहम्मद बिन जकरिया राझी.

तेहरानजवळच्या रय शहरात हिजरी २५१ च्या शाबानमध्ये (इ.स. ८६५) त्यांचा जन्म झाला. रय आणि बगदाद इथल्या इस्पितळांचे ते प्रमुख झाले. देवी आणि गोवर वेगळे कसे ओळखावेत, हे त्यांनी लिहून ठेवले. ज्यांच्याजवळ वैद्य नाही, अशांसाठी एक स्वतंत्र पुस्तकही लिहिले. पारा पोटात गेला तर काय होते, हे त्यांनी आधी माकडावर पाहिले.

किमयेवरच्या त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘किताबुल असरार’, रहस्यांचे पुस्तक. आत मात्र गूढ फारसे नाहीच. भांडी, भट्ट्या, पदार्थ आणि कृती. तापवल्यावर जे उडून जाते ते रूह, असा त्यांचा साधा हिशेब. पारा, नवसागर, गंधक आणि जरनीख अशा चार रूह त्यांनी मानल्या. जरनीखात पिवळा हरताळ आला आणि तांबडी मनशीळही. दोन्हींत आर्सेनिक आणि गंधकच, प्रमाण तेवढे वेगळे. उघड्या हवेत भाजले की गंधक निघून जातो आणि पांढरा सोमल उरतो. उर्दूतला संखिया, जहाल विष. तोही आचेवर उडतो आणि वरच्या थंड भांड्याला चिकटतो.

हा उडून जायचा स्वभाव आजही कारखान्यांना छळतो. इफ्तारची वेळ पाहायला हातात घेतलेल्या मोबाइलमध्ये संदेश टॉवरपर्यंत पोचवणारी चिप बहुधा गॅलियम आर्सेनाइडची असते. त्याचा स्फटिक १२०० अंशांहून जास्त तापमानाला वाढवताना आर्सेनिक निसटू पाहते. म्हणून भांडे बंद ठेवतात, किंवा वितळलेल्या रसावर बोरिक ऑक्साइडचा थर देतात. राझींना आर्सेनिक हे मूलद्रव्य म्हणून ठाऊक नव्हते; त्याची खोड मात्र त्यांनी नेमकी टिपली होती.

अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली. कुणी भट्टीच्या धुराला दोष दिला, कुणी रात्रीच्या वाचनाला. अल-बिरूनीने त्यांच्या ग्रंथांची यादी केली, तीत मृत्यूची तारीखही आहे: ५ शाबान ३१३, गाव रयच.