सोर्स कोड न बघता बग फिक्स करणारा डॉक्टर: उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

आपण डेव्हलपर लोक एका गोष्टीला फार घाबरतो. फिक्स चालतोय, पण का चालतोय ते कुणालाच माहीत नाही! आज अशाच एका फिक्सची आणि तो शोधणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. त्या फिक्समुळे लाखो जीव वाचले.

उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचा जन्म १८७३ चा. वडील जमालपूरला रेल्वेत डॉक्टर. उपेंद्रनाथ आधी गणित शिकले, मग रसायनशास्त्रात एमए आणि त्यानंतर डॉक्टरकी. कलकत्त्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये ते शिकवायचे आणि रुग्णही बघायचे.

तेव्हा बंगाल आणि आसामात काळा आजार थैमान घालत होता. लेश्मानिया नावाचा एकपेशीय परजीवी वाळूमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरतो. ताप येत राहतो, प्लीहा सुजते, माणूस वाळत जातो. उपचार मिळाले नाहीत तर ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण दगावतात. अँटिमनी धातूचं एक जुनं औषध होतं, पण त्याचा कोर्स लांबलचक आणि त्रास भयंकर.

ब्रह्मचारींनी ठरवलं, अँटिमनी ठेवायचा पण त्याचं पॅकेजिंग बदलायचं. त्यांची लॅब म्हणजे एक छोटी खोली. गॅस नाही, वीज नाही, पाण्याचा नळसुद्धा नाही. तिथे कंदिलाच्या उजेडात, १९२० मध्ये त्यांनी युरिया स्टिबामाइन तयार केलं. १९२२ मध्ये पहिल्या रुग्णांचे निकाल छापून आले. महिनोन्‌महिने चालणारा उपचार काही आठवड्यांवर आला आणि आसामातले मृत्यू झपाट्याने कमी झाले.

आता गंमत बघा. हे औषध आत नक्की काय करतं, हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं. तो कोड उघडायला पुढची कित्येक दशकं लागली.

लेश्मानिया लपतो कुठे? तर आपल्याच भक्षक पेशींमध्ये, म्हणजे थेट पोलीस चौकीत! त्याच्या अंगावर जीपी६३ नावाचं एन्झाइम असतं. ते कात्रीसारखं आपली प्रोटीन्स कापतं. त्यातून आपल्याच पेशीतलं एसएचपी-१ हे एन्झाइम चालू होतं. एसएचपी-१ चं काम म्हणजे प्रोटीनवरचा फॉस्फेट काढणं. फॉस्फेट हा इथे ऑन-ऑफ स्विच समजा. तो काढला की धोक्याचा अलार्म वाजतच नाही.

अँटिमनीची औषधं एकीकडे परजीवीची स्वतःची संरक्षण यंत्रणा मोडतात. दुसरीकडे अशाच एका औषधाने एसएचपी-१ अडवलं जातं, हे २००१ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. म्हणजे हल्ला दोन्ही बाजूंनी.

पण ब्रह्मचारी फिक्स टाकून मोकळे झाले नाहीत. बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या कातडीवर नंतर डाग येतात आणि त्यात परजीवी जिवंत असतो, हे त्यांनीच १९२२ मध्ये नोंदवलं. बग क्लोज झाला असं सगळे म्हणत असताना तिकीट पुन्हा उघडायला हिंमत लागते. आजही या रुग्णांमुळे आजार परत पसरू शकतो.

१९२९ मध्ये त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं गेलं, पण मिळालं नाही. १९३४ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली. ६ फेब्रुवारी १९४६ ला ते गेले.

पुढे बिहारमध्ये परजीवी अँटिमनीला सरावला आणि औषध निकामी होऊ लागलं. आता फिक्ससोबत त्यामागचा कोडही शोधला जातो. २०१८ मध्ये संशोधकांनी लेश्मानियाचं सीआरके१२ हे एन्झाइम अडवणारा रेणू मांडला. हे एन्झाइम प्रोटीनवर फॉस्फेट चढवतं. परत तोच स्विच!

मग कोड न समजता फिक्स टाकणं चूक होतं का? मला नाही वाटत. समोर माणसं मरत होती. पण फिक्स टाकल्यावरही लॉग वाचत राहायचे असतात, हे मी त्यांच्याकडून शिकलो.