काट्याभोवती जमलेल्या पेशी

पायात बाभळीचा काटा मोडून राहिला, की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, तापते आणि ठणकू लागते. यालाच दाह म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वीचे बहुतेक वैद्य दाहाला केवळ व्याधी समजत. सुजलेल्या जागी पांढऱ्या रक्तपेशी आढळत. परंतु त्या रोगजंतूंना शरीरभर वाहून नेत असाव्यात, असाच समज रूढ होता. हा समज ज्याने उलथून टाकला तो वैद्य नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याचे नाव इल्या मेच्निकॉव्ह.

१८४५ साली आजच्या युक्रेनमधील खार्किव्ह प्रांतात त्याचा जन्म झाला. विश्वविद्यालयाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला आणि पुढे ओडेसा येथे तो प्राध्यापक झाला. १८८२ साली तेथील राजकीय धामधुमीला कंटाळून त्याने नोकरी सोडली व सिसिली बेटावरील मेसिना या बंदरी तो सहकुटुंब जाऊन राहिला.

तेथे एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहण्यास गेली. मेच्निकॉव्ह मात्र सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाच्या पिलातील हिंडत्या पेशी न्याहाळत होता. हे पिलू काचेसारखे पारदर्शक असते. त्यामुळे त्याच्या अंगातील व्यवहार ते जिवंत असतानाच दिसतो. एकाएकी त्याच्या मनात आले, की या पेशी शरीराच्या रक्षणासाठी तर हिंडत नसतील? तसे असेल, तर टोचलेल्या काट्याभोवती त्या जमल्याच पाहिजेत! त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि काही पिलांच्या अंगात ते टोचले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. पहाटे पाहतो तो काय, प्रत्येक काट्याला पेशींनी गराडा घातलेला! या पिलांना रक्तवाहिन्या नसतात. तेव्हा पेशी आपण होऊन तेथे आल्या होत्या, हे उघड झाले.

त्याने त्यांना भक्षक पेशी म्हटले. जर्मनीतील विद्वानांना हे पटेना. जंतूंचा नाश रक्तातील द्रव करतो, पेशी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. १८८८ साली पाश्चरने त्याला पॅरिसच्या आपल्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. वीस वर्षे वाद चालला. अखेर १९०८ साली मेच्निकॉव्ह आणि द्रवपक्षाचा पॉल एर्लिख या दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. हा निवाडा मोठा शहाणपणाचा होता, कारण दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

पुढील संशोधकांनी ही वाट लांबवर नेली. जखमेतील पेशी रासायनिक संदेश सोडतात व त्या मागावर भक्षक पेशी धावत येतात. काही पेशी जंतूंचे तुकडे घेऊन लसीकावाहिन्यांतून जवळच्या लसीकाग्रंथीत जातात. एरवी लसीकापेशी या ग्रंथीत येतात, थोडा वेळ थांबतात आणि निघून जातात. दाहाचा संदेश पोहोचला, की येणाऱ्यांची रीघ वाढते आणि जाणाऱ्यांची वाट काही काळ रोखली जाते. त्या गर्दीत नेमका तो जंतू ओळखणारी पेशी सापडते व तिची संख्या झपाट्याने वाढते. पायाच्या जखमेने जांघेत अवधाण येते, ते याचमुळे.

ओडेसात मेच्निकॉव्हच्या हाताखाली शिकलेला वॉल्डेमार हाफकिन १८९६ साली प्लेगच्या साथीत मुंबईस आला आणि त्याने प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. गुरू पॅरिसलाच राहिला. उतारवयात आंबट दुधाने आयुष्य वाढते, असे त्याने मनावर घेतले व ते तो नेमाने पीत असे. १९१६ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी तो वारला. त्याचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला.