डॉ. टर्नर आणि शिकणारे कीटक

महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दासांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, तेव्हा त्या देशातील सिनसिनाटी शहरात चार्ल्स हेन्री टर्नर हा कृष्णवर्णीय बालक सहा वर्षांचा होता. ३ फेब्रुवारी १८६७ रोजी तो जन्मला, त्या वेळी गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. वडील चर्चच्या देखभालीचे काम करीत, आई परिचारिका होती.

सिनसिनाटी विद्यापीठाच्या पदव्या मिळवून टर्नर यांनी १९०७ साली शिकागो विद्यापीठातून प्राणिशास्त्राची डॉक्टरेट संपादन केली. तरीही कोणत्याही मोठ्या संशोधन विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद लाभले नाही. १९०८ पासून ते सेंट लुईस येथे कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या समनर हायस्कूलमध्ये शिकवू लागले. सुसज्ज प्रयोगशाळा नाही, हाताखाली संशोधक विद्यार्थी नाहीत. संशोधन मात्र थांबले नाही. अपुऱ्या साधनांत शिकणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

मानसशास्त्र ‘शिकणे’ कशाला म्हणते? अनुभवामुळे वर्तनात घडलेल्या आणि टिकणाऱ्या बदलाला. शिकणे डोळ्यांना दिसत नाही. ते वर्तनावरूनच ओळखावे लागते. कीटक केवळ उपजत प्रेरणेने यंत्रवत चालतात, असे त्या काळी अनेक शास्त्रज्ञ मानीत. टर्नर यांनी ते न तपासता मानले नाही. सेंट लुईसच्या ओफॅलन उद्यानात त्यांनी रंगीत चकत्या मांडल्या आणि ठरावीक रंगाच्याच चकतीवर मध ठेवला. मधमाश्या तो रंग ओळखून येऊ लागल्या. मध नसलेल्या त्याच रंगाच्या चकतीकडेही वळल्या. हे संशोधन १९१० साली प्रसिद्ध झाले. माश्या रंग ओळखतात की केवळ उजळपणा, हा प्रश्न त्याने पुरता सुटला नाही, हेही नमूद केले पाहिजे. पुढे कार्ल फॉन फ्रिश यांनी करड्या छटा वापरून तो सोडवला.

झुरळांवरील प्रयोग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. झुरळ स्वभावतः अंधाराकडे धावते. अंधाऱ्या भागात शिरताच विजेचा सौम्य धक्का बसेल अशी योजना टर्नर यांनी केली, आणि काही प्रयत्नांनंतर झुरळे तो भाग टाळू लागली. कात टाकल्यानंतरही ही शिकवण टिकून राहिली. झुरळाची प्रकृती पालटली नव्हती. अमुक जागा दुःखदायक आहे, एवढे ते अनुभवाने शिकले होते.

हाच विचार त्यांनी माणसांनाही लावला होता. १९०२ सालच्या निबंधात वंशद्वेषाचा एक भाग अनुकरणाने शिकलेला असतो, म्हणून शिक्षणाने तो पालटता येईल, असे त्यांनी मांडले. त्यांच्या देशाने तेव्हा ते फारसे ऐकले नाही.

सुमारे ७० शोधनिबंध मागे ठेवून १४ फेब्रुवारी १९२३ रोजी शिकागो येथे ते निवर्तले. सेंट लुईस शहराने पुढे दिव्यांग मुलांच्या एका शाळेला त्यांचे नाव दिले.