संत विन्सेंट डी पॉल आणि दयेची शिस्त

ज्युबिलीच्या या मंगल वर्षीं आमच्या परिशनें ज्यांचें चरित्र डोळ्यांपुढें ठेवावें, असे एक थोर संत म्हणजे विन्सेंट डी पॉल. फ्रान्स देशाच्या गॅस्कनी प्रांतांत १५८१ च्या सुमारास एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं ते जन्मले व १६०० सालीं धर्मगुरु झाले.

१६१७ सालीं शातियों या लहान गांवचा परिश त्यांजकडे होता. ऑगस्टांतील एका रविवारीं ते मिस्साचीं वस्त्रें परिधान करीत असतां, गांवाबाहेरच्या एका घरांतील सारींच माणसें आजारी असून त्यांच्या शुश्रूषेस कोणी नाहीं, असें त्यांस कळलें. त्यांनीं उपदेशांत ही हकीकत कळकळीनें सांगितली. दुपारीं ते स्वतः तिकडे निघाले, तों वाटेंत स्त्रियांची रीघ लागलेली! एकाच दिवशीं इतकें अन्न आलें कीं, बरेंचसें नासून जावें आणि चार दिवसांनीं त्या कुटुंबानें पुन्हां उपाशी रहावें. दया विपुल होती, व्यवस्था नव्हती.

त्यांनीं लागलीच गांवच्या सुशील स्त्रियांचें मंडळ स्थापिलें व सेवेची दिवसागणिक पाळी लावून दिली. जेवण देतांना, ज्याच्याजवळ घरचें माणूस आहे त्याजपासून आरंभ करावा व एकाकी रोग्याकडे शेवटीं जावें, म्हणजे तेथें अधिक वेळ बसतां येईल, असाही नियम केला. वरवर हा क्रम उलटा वाटेल. परंतु भुकेस अन्न पुरतें, एकाकीपणास सोबत लागते, हा भेद त्यांनीं ओळखला होता.

१६३३ सालीं लुईज द मारियाक यांच्यासह त्यांनीं 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' हा भगिनीसंघ स्थापिला. प्रार्थनेच्या वेळीं रोग्याची हांक आल्यास आधीं त्याजकडे जावें, अशी भगिनींस त्यांची शिकवण होती. पुढें युद्धानें उजाड झालेल्या प्रांतांत त्यांनीं उपाशांस अन्न पुरविलें. पण ज्यांच्या अंगीं बळ होतें त्यांस बियाणें व अवजारें दिलीं. तांतडीच्या गरजेपायीं उद्यांची गरज ते विसरले नाहींत.

२७ सप्टेंबर १६६० रोजीं ते प्रभुचरणीं लीन झाले. १७३७ सालीं त्यांस संतपद मिळालें. १८८५ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस सर्व परोपकारी संस्थांचे आश्रयदाते नेमिलें.

आमचा स्वतःचा दोष येथें कबूल करणें प्राप्त आहे. दारीं येऊन जो मोठ्यानें रडतो, त्यास आम्ही आधीं देतों. जो लाजेनें घरींच बसतो, त्याची आठवण आम्हांस उशिरां होते. या वर्षीं तरी त्या दुसऱ्याच्या घरीं आम्ही आपण होऊन जावें, एवढी सुबुद्धि प्रभु आम्हां सर्वांस देवो.