मुलगी म्हणून नाकारलं, तरी हटली नाही : संशोधक डॉ. कमला सोहोनी यांची गोष्ट

हदगाव : बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्याकडं एकच प्रश्न असतो, नीटला मार्क किती? एमबीबीएसला नंबर लागला तर पेढे, नाहीतर पोरीच्या लग्नाचा विषय. पण डॉक्टर जो आहार सांगतात, जी गोळी लिहून देतात, ती आधी कुणीतरी प्रयोगशाळेत तपासलेली असते. हे तपासणारे म्हणजे संशोधक. या कामात एके काळी बाईला उभंसुद्धा करत नव्हते. त्या काळात हट्टानं आत शिरलेल्या मराठी बाई म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाताई माहेरच्या भागवत. जन्म 1911 चा, इंदूरचा. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, तेही बंगळुरूच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत. कमलाताईंनाही तिथंच जायचं होतं.

1933 मध्ये त्या मुंबईतून बीएस्सी झाल्या, वर्गात पहिल्या आल्या. बंगळुरूला अर्ज केला, तर नकार आला. कारण एकच, मुलगी आहे. संस्थेचे प्रमुख होते नोबेल मिळालेले सी. व्ही. रामन. एवढ्या मोठ्या माणसापुढं कोण बोलणार? कमलाताई बोलल्या. थेट त्यांच्या ऑफिसात गेल्या आणि सत्याग्रहाची तयारी दाखवली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष फक्त चाचणीचं, काम पटलं तरच पुढं. सोबतच्या मुलांवर कुठलीच अट नव्हती. हा अपमान त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. 1936 मध्ये एमएस्सी झाल्या. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढं इतर मुलींनाही तिथं प्रवेश मिळू लागला.

मग शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथं बटाट्यावर काम करताना झाडांच्या पेशी श्वास कशा घेतात, याबद्दल महत्त्वाची गोष्ट त्यांना सापडली. 1939 मध्ये डॉक्टरेट मिळाली. प्रबंध होता अवघा चाळीस पानांचा. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय महिलांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

एवढं शिकून त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं. 1947 मध्ये लग्न झालं, मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या.

आता बघा, त्यांनी अभ्यासाला काय घेतलं. डाळी, कडधान्यं आणि नीरा! म्हणजे गरिबाच्या ताटातल्या वस्तू. शिंदीच्या झाडाची ताजी नीरा आणि तिच्यापासून केलेला गूळ कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना स्वस्तात ताकद देऊ शकतो, हे त्यांच्या प्रयोगांतून पुढं आलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. कडधान्यात प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो, त्यावरही त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केलं. आपल्या तालुक्यात सोयाबीन भरपूर होतं. ते कच्चं खाल्लं तर नीट पचत नाही, शिजवून किंवा भाजूनच घ्यावं लागतं, ते अशाच घटकामुळं.

इथं मुद्दा लक्षात घ्यावा. संशोधनात एकाच घरचे, एकाच थरातले लोक असले, तर प्रश्नही त्यांच्याच घरातले पुढं येतात. बाळंतिणीचं अंगावरचं रक्त कमी का, फवारणी करणाऱ्याला त्रास काय होतो, उसतोडीला जाणाऱ्या बाईच्या पोटात का दुखतं, हे प्रश्न ज्यानं जवळून पाहिलेत त्यालाच आधी सुचतात.

मोठी पदवी असूनही कमलाताईंना संस्थेच्या संचालकपदासाठी काही वर्षं ताटकळत राहावं लागलं. उशिरा का होईना, ते पद मिळालं. पुढं ग्राहक चळवळीत उतरून त्यांनी अन्नातल्या भेसळीविरुद्ध काम केलं. 1998 मध्ये देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्याच कार्यक्रमात त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.

एक खरं, की कमलाताईंच्या घरी शिक्षण होतं, काका-वडील रस्ता दाखवणारे होते. आपल्या वाडी-तांड्यावरच्या पोरीला ते नसतं. म्हणून हे माहीत असू द्या : नीटचा नंबर हुकला म्हणजे वैद्यकीय क्षेत्र संपलं असं नाही. बीएस्सी, एमएस्सी करून, जेआरएफची परीक्षा पास झाली तर संशोधन करताना दर महिन्याला फेलोशिपचे पैसे मिळतात. आपलं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ नांदेडलाच आहे. पोरीला नाही म्हणायच्या आधी तिथं एकदा चौकशी तरी करा.