यंत्रांचा पारखी : माधवराव शिंदे

शिंदे घराणे म्हटले की आपल्याला महादजी आठवतात आणि बहुतेकांची ओळख तिथेच संपते. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे हे पाटील उत्तरेत गेले आणि ग्वाल्हेरला रुजले. त्याच घराण्यातील माधवराव शिंदे यांची कीर्ती तलवारीची नाही. ती आहे रुळांची, धरणांची आणि गिरण्यांची. यंत्रयुगाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या एका संस्थानिकाने कोणते यंत्र घ्यावे आणि कशासाठी घ्यावे याचा विचार आयुष्यभर केला. म्हणून त्यांचे चरित्र आज विद्यार्थ्यांनी वाचण्याजोगे आहे.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. वडील जयाजीराव १८८६ साली वारले तेव्हा त्यांना दहावे वर्षही पुरे झाले नव्हते. कारभार मंडळाकडे गेला आणि १८९४ साली संपूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. लहानपणापासून ओढा होता तो यंत्रांकडे. आगगाडीचे इंजिन स्वतः चालवण्याची त्यांना हौस होती. जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या मेजावर रूळ टाकून त्यांनी चांदीची छोटी आगगाडी फिरवली. पाहुण्याने डब्यातील सुरई उचलली की गाडी थांबे आणि परत ठेवली की पुढे निघे. ती गाडी आजही राजवाड्याच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

ही हौस मेजावरच राहिली असती तर माधवरावांची गणना चैनी राजांत झाली असती. पण तिच्यातूनच ग्वाल्हेरची लहान रेल्वे उभी राहिली. संस्थानाचा मुलूख विरळ वस्तीचा, जंगलाचा आणि दऱ्याखोऱ्यांचा. तिथे रुंद मार्गाचा खर्च परवडणारा नव्हता. त्यांनी अवघ्या दोन फुटी रुळांचा मार्ग निवडला. १८९९ साली भिंड आणि शिवपुरीकडे गाड्या सुरू झाल्या, १९०९ साली रूळ श्योपूरला पोहोचले. सुमारे दोनशे किलोमीटरची ही श्योपूरची गाडी २०२० सालापर्यंत धावत होती. थोड्या पैशात दूरच्या खेड्यांना बाजाराशी जोडणारे साधन म्हणून ती निवड शंभर वर्षे टिकली.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी माधवराव लंडनला गेले. कोल्हापूरचे शाहू महाराजही त्या निमित्ताने विलायतेत होते. त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठाने माधवरावांना सन्माननीय पदवी दिली. या सोहळ्याशी एका यंत्राची गोष्ट जोडलेली आहे. सेसिल बूथ नावाच्या इंग्रज इंजिनियराने १९०१ साली धूळ शोषून घेणारे यंत्र बनवले होते. तोवरची यंत्रे वाऱ्याच्या झोताने धूळ उडवीत आणि ती पुन्हा दुसरीकडे बसे. बूथचे यंत्र घोडागाडीवर असे. गाडी रस्त्यात उभी करायची, लांब नळ्या खिडकीतून आत सोडायच्या आणि गालिच्यातील धूळ ओढून घ्यायची. राज्यारोहणापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबेतील सिंहासनाखालचा गालिचा याच यंत्राने साफ केला गेला आणि पुढे राजवाड्यांसाठी ती यंत्रे खरेदी झाली.

ग्वाल्हेरच्या माणसाला या गोष्टीचे मर्म लगेच कळावे. जयविलासच्या दरबार हॉलमधील अवाढव्य गालिचा तुरुंगातील कैद्यांनी बारा वर्षे खपून विणला, असे तिथे सांगतात. घरातली सतरंजी दोरीवर टाकून काठीने झोडपता येते, हा गालिचा कोण उचलणार? वरवर केर काढून भागत नाही. बारीक वाळू गाठींच्या मुळाशी उतरते आणि पायांच्या दाबाने लोकरीचे धागे कापत राहते. कैद्यांच्या बारा वर्षांची मेहनत अशी हळूहळू झिजते.

मग यंत्र कोणते घ्यावे? बूथची घोडागाडी राजवाड्याला योग्य होती, बिऱ्हाडाला निरुपयोगी. अमेरिकेत स्पँगलरने १९०८ साली एका माणसाला हाताळता येईल अशा यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा कुठे ते घराघरात शिरू शकले. आजही कसोटी तीच आहे. हॉटेल, नाट्यगृह, कचेरी यांना तासन् तास चालणारे, मोठ्या टाकीचे आणि लांब नळीचे यंत्र लागते. घरी जिन्यावरून उचलता येईल असे हलके यंत्र पुरते. साबणाचे पाणी मारून ते परत ओढणारी यंत्रेही आहेत. त्यांत किती पाणी मारले जाते यापेक्षा किती परत ओढले जाते हे पाहावे. हातविणीच्या लोकरी गालिच्यात पाणी राहिले तर आतला सुती ताणा कुजतो आणि पावसाळ्यात तो वाळतही नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळून रंग सुटतो का, हे आधी तपासावे. थोडक्यात, आधी गालिचा पाहावा, मग यंत्र.

माधवरावांच्या राज्यात हाच धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर त्यांनी तिघरा धरण बांधवले. पण पायाच्या वालुकाश्मात पाणी झिरपले आणि १९१७ साली धरण फुटून अनेकांचे प्राण गेले. बांधकामाखालच्या जमिनीची पारख अपुरी पडली होती. पुढे ते पुन्हा उभे राहिले. खडकवासल्याला प्रथम बसवलेले आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरालाही लाभलेले विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे तिघऱ्यालाही बसले. मराठी आणि कन्नड प्रदेशांना जोडणारा हा दुवा ग्वाल्हेरपर्यंत पोहोचतो.

उद्योगांच्या बाबतीत त्यांची नजर दूरची होती. टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळत्या भांडवलाची गरज पडली तेव्हा चार लाख पौंडांचे सारे कर्जरोखे माधवरावांनी घेतले. १९०५ साली त्यांनी सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा आजही भरतो. पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरलेले ‘लॉयल्टी’ जहाज पुढे सिंदिया कंपनीने घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले आणि तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. संगीताकडेही त्यांचे दुर्लक्ष नव्हते. भातखंड्यांच्या साहाय्याने १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघाले.

५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. शिवपुरीला त्यांची छत्री आहे. माधवराव एकतंत्री राजे होते आणि त्यांच्या चैनीचा भार रयतेवर पडत होता, हे विसरता येणार नाही. तरीही चांदीची गाडी मेजापुरती आणि दोन फुटी रूळ रयतेसाठी, हा विवेक त्यांच्यापाशी होता. तिघऱ्याला तो उणा पडला, तिथे माणसे बुडाली. उद्या आपल्यापैकी कोणी इंजिनियर होईल, कोणी घरासाठी साधे यंत्र विकत घेईल. दोघांनीही हे दोन्ही प्रसंग ध्यानी ठेवावेत.